पिवळ्या फडक्यांची लग्नसराई

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुकानाच्या माळ्यावरून पिवळी फडकी खाली येतात. पावसाळाभर ती कापूर घालून बांधलेली असतात. मग एक सकाळ त्यांची. निजामपुऱ्यातल्या जुन्या दुकानाच्या गच्चीवर ओळीने वाळत पडतात, आणि खालच्या गल्लीतल्या लूमच्या खटाखटीवर हलताना एखाद्या मोठ्या प्राण्याच्या श्वासासारखी दिसतात. दुपारी इस्त्री. संध्याकाळी सगळे जमिनीवर बसून घड्या घालतात. यंदाही घातल्या. नूरआपाने एक फडकं नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "शहापूर. धुतलं तरी मोहाचा वास जात नाही." शरदकाका हसले. मीही हसले, आणि हातातल्या फडक्याच्या वासाने मला काल्हेरची ती लग्नसराई आठवली. अजून दर वर्षी आठवते, आणि दर वर्षी छाती थोडी पुढे येते. हे मी घरात कुणाला सांगत नाही.

आमच्या दुकानाच्या पाटीवर एक लांबलचक नाव आहे. ते पावतीपुरतं. भिवंडीत, पडघ्यात, वाड्यात, शहापुरात कुणालाही विचारा, ते "पिवळं दुकान" म्हणतील. खाली स्टीलची भांडी, पहिल्या मजल्यावर साड्या, वर तयार कपडे, शाळेचे गणवेश, सूटकेस, खेळणी. एका छपराखाली सगळं. पण सुरुवात एका फसलेल्या रंगापासून झाली.

माझे आजोबा, नाना, खाडीकाठच्या गावचे. शेती होती, पण भरतीचं पाणी शेतात शिरायचं आणि भाताऐवजी मीठ द्यायचं. उस्मानशेठ निजामपुऱ्यातले, त्यांच्या घरात लूम होते. लूमवर उरलेले कापडाचे तुकडे नाना सायकलवर बांधून गावोगाव विकायचे. एकदा उस्मानशेठनी बदामी रंगासाठी पाठवलेलं कापड रंगाऱ्याकडून हळदीसारखं भडक पिवळं होऊन आलं. व्यापाऱ्याने घेतलं नाही, दुसऱ्या कुणीही घेतलं नाही. उस्मानशेठ म्हणाले, जाळून टाक. नानांनी त्याचे चौकोनी तुकडे केले, कडा शिवून घेतल्या आणि साड्या बांधायला वापरले. पिवळं गाठोडं सायकलवर दिसलं की गावातल्या बायका म्हणायच्या, हळद आली. ज्या रंगाला बाजारात कुणी उभं करत नव्हतं, तो रंग दारोदार शुभ ठरला.

त्या गाठोड्यातून एक रीत सुरू झाली. उस्मानशेठच्या भागीत दुकान झाल्यावरही नानांनी ती सोडली नाही. लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणजे घरातल्या सगळ्यांनी साडी बघायला हवी. पण सगळे दुकानात येऊ शकत नाहीत. कुणी खाटेवर असतं, कुणाचा पाय मोडलेला असतो, कुणी रुसलेलं असतं आणि रुसलेल्या माणसाच्या दारात साडी न्यावीच लागते. म्हणून दुकानातून गाठोडं घरी न्यायचं. पसंत पडेल ते ठेवायचं, उरलेलं परत आणायचं. बाजारात याला जांगड म्हणतात. जांगड सगळेच देतात, पण लिहून, सही घेऊन. नाना गाठ मारून देत. गाठ हीच सही.

आणि फडकं परत यायचं तेव्हा रिकामं यायचं नाही. शेजारणीची वाटी जशी कुणी रिकामी परत करत नाही, तसंच. साड्यांवर एका कोपऱ्यात छोटी पुरचुंडी असायची. खाडीकडून जवळा, वाड्याकडून कोलम तांदूळ, शहापूरकडून मोहाची फुलं, पडघ्याहून वालाच्या शेंगा. नूरआपा लहानपणी परत आलेली फडकी सोडायला बसायची आणि वासावरून गाव ओळखायची. ती उस्मानशेठची मुलगी, आता आमच्या निम्म्या दुकानाची मालकीण. तिला बाजारात माणसं घाबरतात, पण तांदळाची पुरचुंडी सोडताना ती अजून आठ वर्षांची होते.

शाखा कुठे काढायची हेही फडक्यांनीच ठरवलं. भिवंडीच्या मुली पडघ्याला दिल्या, त्यांच्या नणंदा वाड्याला गेल्या, आणि प्रत्येक लेक सासरी गेल्यावर बस्त्यासाठी माहेरच्या दुकानाकडेच बोट दाखवायची. ज्या वर्षी दुकानभर कोलमचा वास दरवळला, त्या वर्षी नानांनी वाड्याला गाळा घेतला. लेकी जिथे गेल्या तिथे दुकान गेलं. नकाशा, सर्व्हे, काही नाही. शाळेत कुणी विचारलं तर मी म्हणायचे, वी हॅव अ स्टोअर चेन. मग मैत्रिणी म्हणायच्या, वॉव, आणि मी गप्प बसायचे. आमच्या शाखा वासावरून ओळखतात हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. मराठीत तर शाळेत बोलायचंच नव्हतं.

नूरआपा मला गुमसुम म्हणते. शिकून आले, घरी बसले, तेव्हा काका म्हणाले, काल्हेरला तुझी गरज आहे.

काल्हेरची शाखा नवी होती. ठाण्याहून भिवंडीत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. त्यांच्यामध्ये आमच्या घरची शेवटची उरलेली जमीन होती. शरदकाकांनी तिच्यावर चार मजली इमारत उठवली, सगळी काचेची. शेजारी नवे टॉवर झालेले, अजून होत असलेले. काकांचा हिशोब सरळ होता. टॉवरमधले लोक इंग्रजी बोलतात, एसी मागतात, पिशवी मागतात. म्हणून काल्हेरला एसी आला, मी आले आणि पिशवी आली. जाड कागदाची, सोनेरी अक्षरांची, रेशमी दोरीची. बस्ता घरी न्यायचा तर पिशवीत न्यायचा, आधार कार्ड दाखवायचं, फॉर्म भरायचा. पिवळं फडकं काल्हेरला न्यायचं नाही, असं काकांनी ठरवलं. ते गावठी दिसतं.

नूरआपा उद्घाटनाला आली, पिशवी हातात घेऊन तिने उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "शरद, यात माझी मयत नेऊ नको. दोरी हाताला काचेल."

काका तिच्यापेक्षा लहान, तिच्या कडेवर खेळलेले. ते फक्त म्हणाले, "आपा, जमाना."

पण जमाना दारात आला नाही. मार्गशीर्ष गेला. पौषात नाहीतरी लग्नं नसतात म्हणून मन समजावलं. माघ उजाडला, गावागावांत मांडव पडले, संध्याकाळी टेम्पोवर डीजे बांधून हळदी निघू लागल्या, आणि आमच्या काचेच्या इमारतीत साड्यांच्या मजल्यावर एसीचा आवाज ऐकू येत होता. ट्रक जायचे तेव्हा काच थरथरायची. धूळ दारापर्यंत यायची आणि आत यायला संकोचल्यासारखी तिथेच पडायची. मी धुळीबद्दल सहानुभूती बाळगून होते.

त्याच महिन्यात गोदामवाले येऊन गेले. एका कंपनीला अख्खी इमारत हवी होती. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू ठेवायला. काकांनी त्यांना चहा पाजला. घरी जेवताना सांगितलं की अक्षय तृतीयेपर्यंत बघू. तोवर शाखा उभी राहिली नाही तर इमारत भाड्याने देऊ. मग ताटाकडे बघत म्हणाले, काल्हेरचं जमलं नाही तर इतर शाखांचंही तेच होणार, आज ना उद्या. भिवंडीत आता कपडे विकण्यापेक्षा खोकी ठेवणं बरं. मला भात गिळताना घशात मोहाचा वास आला. खरंच आला.

मी बोलत नाही, पण बघते. बोलण्यात जाणारा वेळ वाचतो, तो बघण्यात जातो. बायका येत होत्या. साड्या पसंत करत होत्या. घरी न्यायची वेळ आली, पिशवी पुढे केली, की चेहरा बदलायचा. "नंतर येते" म्हणायच्या. नंतर येत नव्हत्या. काकांना वाटलं, फॉर्ममुळे. फॉर्म काढून टाकला. तरी तेच. मला कळत होतं की गोष्ट पिशवीतच आहे, पण पिशवीत काय आहे ते कळत नव्हतं.

ते जवळच्या राहनाळ गावात कळलं. जनाबाय म्हणून आमची जुनी गिऱ्हाईक. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ती काल्हेरला आली, साड्या बघितल्या आणि तशीच निघाली. सासू खाटेवर आहे म्हणाली. मी धीर करून त्या साड्या सोनेरी पिशव्यांत भरल्या आणि तिच्या मागोमाग रिक्षाने राहनाळला गेले. तिच्या घरासमोर गोदाम आहे. गोदामाच्या भिंतीला टेकून तिची सासू खाटेवर ऊन खात होती. मी पिशव्या ओट्यावर ठेवल्या, आणि जनाबायने पटकन त्या उचलून आत नेल्या. लपवल्याच.

"आमची सासू इथं हाय, तिला दुकानान आनू शकत न्हाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पन पिशवी कशाला आनलीस गो? पिशवी म्हंजे इकत घेतलं. शेजारनी बगतील, म्हनतील बस्ता झाला, आमाना इचारलं पन न्हाय. माजी जाऊ तर मांडवात पाय ठेवाची न्हाय."

म्हातारीने सगळं ऐकलं होतं. तिने मला जवळ बोलावलं, माझ्या ड्रेसची कड बोटांत धरून कापड बघितलं, मग म्हणाली, "तुजे आज्याचं पिवलं गठुडं गल्लीन शिरलं का भांडी टाकून बाया यायच्या. तवा लगीन चालू व्हयाचं."

रिक्षात बसले तेव्हा माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसत होतं. पिशवी तोंड बंद ठेवते. ती एकाची असते. तिच्यात जे आहे ते ठरून गेलेलं असतं. गाठोडं अजून ठरलेलं नसतं. ते गल्लीतून जाताना सगळ्यांना सांगतं की या, बघा, बोला, नावं ठेवा. बस्त्याची खरेदी दुकानात होतच नव्हती. ती ओट्यावर व्हायची, जावेने नाक मुरडून, नणंदेने दुसरा रंग काढून, म्हातारीने हात लावून. आमचं दुकान इतकी वर्षं त्या ओट्यांवर उभं होतं आणि आम्ही समजत होतो की ते बाजारपेठेत आहे.

हे मी नूरआपाला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला सलग इतकं बोलताना ऐकलं असावं. तिने पान लावता लावता विचारलं, "शरदला सांगितलंस?" मी म्हटलं, तू सांग ना. ती म्हणाली, "मी सांगितलं तर भांडण होईल. तू सांगितलंस तर बातमी होईल."

काका रिकाम्या मजल्यावर काउंटरला टेकून फोन बघत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. इंग्रजीत वाक्य तयार होतं, व्यवस्थित, शाळेत बक्षीस मिळेल असं. ते तोंडातून निघेना. शेवटी मराठीत निघालं. "काका, पिशवीभोवती बायका जमत नाहीत."

त्यांनी मान वर केली. मग मी उरलेलं सांगितलं, जमेल तसं, अडखळत, जनाबायच्या जावेसकट. काकांनी फोन खिशात ठेवला. लहानपणी नानांच्या सायकलवर गाठोड्याच्या मागे तेही बसलेले होते. म्हणाले, "राहनाळचं ठीक आहे. पण ही शाखा राहनाळसाठी काढली नाही, टॉवरसाठी काढलीय. तिथे ओटा नाही. शेजारीण कोण ते माहीत नाही. आणि फडकं परत करताना काय बांधून देणार गं ते? फ्लॅटमध्ये कुठलं शेत? लिफ्टचं बटण देतील काढून?"

"ने फडकी," जाता जाता म्हणाले. "तृतीयेपर्यंत तुझं राज्य."

दुसऱ्या दिवशी निजामपुऱ्याहून फडकी आली. नूरआपाने मला गाठ शिकवली. चारही टोकं, दोन उलटी, एक सुटं ठेवायचं, म्हणजे घरातल्या लहान पोरीलाही ओढून सोडता यावी. राहनाळला मी स्वतः गेले. गल्लीच्या तोंडाशी गाठोडं डोक्यावर घेतलं. घेताना कान तापले होते. पाचेक पावलं गेले असेन, एका दारातून आवाज आला, कुनाचं गो? दुसऱ्या दारातून उत्तर गेलं, जनाबायकडं. ओट्यावर पोचेपर्यंत माझ्यामागे बायका होत्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या खांद्यावर पोर. ती जाऊसुद्धा आली. तिनेच गाठ सोडली. साड्या उन्हात उलगडल्या आणि समोरच्या गोदामातले हमाल पेटी खांद्यावर घेऊन उभे राहिले. म्हातारीने एक हिरवी साडी निवडली, जाऊ म्हणाली, ही नको, आणि अर्धा तास अतिशय सुंदर भांडण झालं. मी एक शब्द बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. तिथे गप्प माणसाचीही जागा असते, उलगडलेली साडी धरून उभं राहायला कुणीतरी लागतंच.

फडकं परत आलं त्यात सुकट होती. काचेच्या इमारतीत, एसीमध्ये, सुकट. सेल्सगर्ल नाकाला ओढणी लावून हसत होत्या. आणि मग राहनाळ, कशेळी, पूर्णा, सगळीकडून बायका येऊ लागल्या. टेम्पो भरून. फाल्गुन संपेपर्यंत साड्यांच्या मजल्यावर एसीचा आवाज ऐकू येईनासा झाला.

टॉवरमध्ये मात्र शांतता. काकांचं बरोबर होतं का, हा प्रश्न मला रोज सकाळी शटर उघडताना भेटायचा.

चैत्रात एक बाई आल्या. पद्माताई. मागच्या टॉवरमध्ये राहायच्या. नवरा निजामपुऱ्यात लूमवर मास्टर, मूळचे तेलंगणातले. मुलीचं लग्न होतं. साड्या बघता बघता त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, गावी असते तर बहिणी असत्या, मावशा असत्या. इथे कुणाला दाखवू? मी फडकं अंथरलं, त्यांनी बाजूला ठेवलेल्या साड्या त्यात बांधल्या आणि गाठोडं त्यांच्यासोबत घेऊन निघाले. लिफ्टमध्ये आम्ही दोघी आणि ते पिवळं गाठोडं. त्यांच्या मजल्यावर सगळी दारं बंद. त्या किल्ली काढत होत्या. मी, का ते अजून माहीत नाही, तिथेच पॅसेजमध्ये खाली बसले, फडकं अंथरलं आणि गाठ सोडली.

लिफ्टमधून एक पंजाबी आजी उतरल्या. थांबल्या. "शादी है?" समोरचं दार उघडलं, कोल्हापूरच्या एक बाई मुलाला शाळेत सोडायला निघालेल्या, त्या पायातल्या चपला काढून बसल्या. शेजारचं दार, मग वरच्या मजल्यावरून जिन्याने कुणीतरी. इतके महिने एकमेकींना फक्त लिफ्टच्या आरशात बघितलेल्या त्या बायका पद्माताईंच्या मुलीच्या खांद्यावर पदर टाकून बघत होत्या. पंजाबी आजींनी लाल काढली, कोल्हापूरच्या बाईंनी मोरपंखी. पद्माताई मधे बसून दोघींना तेलुगूत काहीतरी समजावत होत्या, आणि दोघी मान हलवत होत्या. बस्त्याला माणसं लागतात. ती तिथेच होती, दारांच्या मागे.

गाठोडं तिथेच ठेवून मी परतले. नूरआपाला विचारलं, फडकं रिकामं देत नाहीत हे पद्माताईंना सांगू का? ती म्हणाली, "सांगून भरलेलं फडकं रिकामंच असतं, बेटा."

अक्षय तृतीया आली. दुकान सकाळपासून भरलेलं. पण काकांचं लक्ष दाराकडे होतं, कारण गोदामवाले दुपारी उत्तरासाठी येणार होते, आणि माझं लक्ष दाराकडे होतं, कारण पद्माताईंचं फडकं अजून परत आलं नव्हतं. राहनाळने दुकान तारलं होतं, पण काका टॉवरची वाट बघत होते. मीही.

गोदामवाल्यांचा माणूस काकांसमोर बसला होता, तेव्हा पद्माताई आल्या. सोबत समोरच्या कोल्हापूरच्या बाई, पंजाबी आजी आणि आणखी तिघीचौघी, ज्यांना आता त्यांच्या घरच्या लग्नांसाठी साड्या बघायच्या होत्या. पद्माताईंनी गाठोडं काउंटरवर ठेवलं. म्हणाल्या, उशीर झाला, सगळ्यांच्या घरी फिरत होतं. गाठ आमची नव्हती. कुणी वेगळीच मारली होती, बहुधा पंजाबी.

मी टोक ओढलं. परत आलेल्या साड्यांच्या वर, कोपऱ्यात, ओल्या रुमालात गुंडाळलेला कढीपत्ता होता. ताजा, काळपट हिरवा, देठासकट. त्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीतला.

वास सगळ्या मजल्यावर पसरला.

काकांनी एक डहाळी उचलली. पान चुरगाळलं, नाकाशी नेलं. नंतर समोरच्या माणसाला, अगदी शांतपणे, म्हणाले, "साहेब, इमारत रिकामी नाही."

आज काल्हेरची शाखा आमच्या सगळ्या शाखांमध्ये मोठी आहे. शेजारच्या गोदामांतून रोज हजारो खोकी जातात, न आवडलेली परत येतात, आणि त्याला लोक नव्या जमान्याची सोय म्हणतात. मी ते ट्रक बघते आणि मनात हसते. परत येणं आम्ही सायकलवर असल्यापासून करतोय. फरक इतकाच की त्यांची खोकी रिकामी परत येतात.

यंदाची फडकी घडी करताना नूरआपाने शेवटचं माझ्याकडे फेकलं. "ओळख, गुमसुम."

मी नाकाशी नेलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, कापरातलं. तरी ओळखलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

"काल्हेर."